रिकाम्या चौकटींचा हिवाळा

“कांदा? आपल्या शिवारात एवढा कांदा कोणी लावला, भाऊ?”

वैशालीताईंचा हा प्रश्न मी ऑफिसच्या दाराशी चपला काढताना ऐकला. आत भिकनभाऊ हसत होते. हसताना त्यांना खोकला येतो, तोही आला होता. पुण्याहून आलेल्या कॉम्प्युटर मॉडेलच्या निकालात चोपड्याकडच्या एका गावात पुढची बारा वर्षं हेक्टरच्या हेक्टर कांदा उगवणार होता. तिथल्या कुणा हुशार माणसाने आमच्या यादीतला ‘कांदेबाग’ हा शब्द वाचला आणि त्याचं सरळ ओनियन करून टाकलं. कांदेबाग म्हणजे केळीच. पावसाळ्याच्या तोंडाशी लावतात ती मृगबाग आणि पावसाळा सरताना लावतात ती कांदेबाग. जळगावात जन्मून मलाही हे त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. मी खाली मान घालून माझ्या जागेवर जाऊन बसले.

“म्याडम, तुम्ही सांगा,” भिकनभाऊंनी मला गाठलंच. “कांद्याचा घड कितला मोठा शे?”

मी हसले. हसणं ही तेव्हा माझी सगळ्यात सोयीची भाषा होती.

परवा मेहरूणची बोरं बाजारात आली. तिथल्या तलावाच्या रस्त्याला एक बाई टोपली घेऊन बसते. तिच्याकडून पावशेर घेतली आणि चालता चालता एक तोंडात टाकलं. आंबट, गोड, मग थोडं तुरट. सकाळची थंडी होती. तलावावर पातळ धुकं होतं आणि फिरायला आलेली माणसं मफलरमधून एकमेकांना नमस्कार करत होती. जळगावचा हिवाळा पाहुण्यासारखा येतो, बस म्हणेपर्यंत उठतो. त्या बोराच्या चवीबरोबर मला तो दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवला. त्या हिवाळ्यात मी बेरीज करायला शिकले. हसू नका. खरंच तेव्हाच शिकले.

मी इंग्रजी शाळेत वाढले. ‘अॅव्हरेज’ची व्याख्या मला झोपेत विचारली तरी आली असती. सगळे आकडे मिळवा, जितके आकडे असतील तितक्याने भागा. वर्गातल्या मुलांच्या उंच्या, बसमधल्या माणसांची वयं, पाच विषयांचे गुण. त्या गणितांतली माणसं कधी बोलत नसत, त्यामुळे मला ती आवडायची. मीही फार बोलत नसे. घरी आई-बाबा माझ्याशी पुस्तकी मराठी बोलत आणि धुळ्याच्या काकांचा फोन आला की बाबांचा आवाज बदलत असे. ‘काय चाललं शे’ म्हणत ते गॅलरीत जात आणि खांदे सैल सोडून हसत. ते हसणं घरात कधी ऐकू येत नसे. मला सगळं कळायचं. पण ती भाषा माझ्यासाठी नाही, ती गॅलरीतली आहे, असं मी कधीतरी ठरवून टाकलं होतं.

आमच्या ऑफिसचं काम सांगायला सोपं आहे. गावोगावचे शेतकरी गट येतात. पाणी कसं वापरावं, कोणतं पीक वाढवावं, असे त्यांचे प्रश्न असतात. आम्ही पाऊस, विहिरी, भाव, मजुरी यांचे आकडे मॉडेलमध्ये घालतो आणि पुढची बारा वर्षं आजच मांडून बघतो. खरी वर्षं तशीच येतील असं नाही. पण कोणत्या वाटेला खड्डा असू शकतो, ते दिसतं. मॉडेल पुण्याला चालतं. तिथून निकाल येतो, लांबच्या लांब, हजारो ओळींचा. तो गावाला वाचता येईल अशा एका पानावर आणायचा, ही आमची जबाबदारी. खाली बेरीज, खाली सरासरी. मला वाटलं होतं, हे तर चुटकीसरशी. सूत्र लिहायचं आणि उजवीकडे ओढत न्यायचं.

वैशालीताईंनी पहिल्याच दिवशी माझा हात धरला. खरोखर धरला, माऊसवरचा.

“थांब. हा रकाना कशाचा आहे?”

“विहिरीच्या पाण्याची पातळी.”

“बारा वर्षांच्या पातळ्यांची बेरीज केलीस. ती बेरीज कोणी पाहिली आहे का? कुठे उभं राहिलं की ती दिसते?”

मी माऊस सोडला. ताई धरणगावच्या. त्यांचे वडील जिनिंगमध्ये कामाला होते, आणि लहानपणी ताईंनी कापसाचे ढीग पाहिले होते. ढीग म्हणजे बेरीज, असं त्या म्हणत. वेचलेला कापूस रोज ढिगावर पडतो, ढीग वाढतो, तो डोळ्यांनी दिसतो. केळीचे घड ट्रकमध्ये जातात, ट्रक मोजता येतात. उपसलेलं पाणी, लागलेली मजुरी, यांची बेरीज करावी. पण विहिरीची पातळी म्हणजे ताप पाहिल्यासारखं. आजचा ताप आणि कालचा ताप मिळवून कुणी सांगतं का? तिथे शेवटचं वर्ष बघायचं आणि सगळ्यात वाईट वर्ष बघायचं.

भावाच्या रकान्यालाही त्यांनी मला असंच अडवलं. मी बारा भावांची साधी सरासरी काढली होती. “ज्या वर्षी ट्रक भरभरून गेले आणि ज्या वर्षी चार घड गेले, त्या दोन्ही वर्षांना तू सारखंच मत दिलंस,” त्या म्हणाल्या. माल उदंड तेव्हा भाव पडलेला असतो. म्हणून सगळं उत्पन्न मिळवायचं, सगळा माल मिळवायचा, मग एकाला दुसऱ्याने भागायचं. त्यांनी ते करून दाखवलं आणि आकडा खाली उतरला. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. स्वयंपाकात मीठ बरोबर पडलं की आपण जशी मान हलवतो, तशी त्यांनी मान हलवली.

मी त्यांना चोरून बघायची. टेबलाच्या कोपऱ्यात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्याशेजारी डिंकाची बाटली, चष्म्याची दोरी मानेला. धुळ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्रात एम.ए. केलेलं. त्या कच्च्या पानावर बेरजेच्या ओळीला ‘बठ्ठा’ असं नाव देत. बठ्ठा म्हणजे सगळं, झाडून सगळं. ऑफिसचे प्रमुख, आमचे सर, शेवटी त्याचं ‘एकूण’ करत. “एकूण शब्दात काहीतरी सुटल्यासारखं वाटतं,” ताई म्हणायच्या. “बठ्ठ्यातून काही सुटत नाही.”

आता ताई आमच्या धुळ्याच्या ऑफिसात असतात. त्यांच्या जागी मी बसते. ऑफिसात नवीन आलेल्या मुलीने मला परवा विचारलं, हा रकाना ओढून खाली आणू का. मी तिला विचारलं, ही बेरीज कुठे उभं राहिलं की दिसते? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझाच चेहरा आठवला. काही माणसं आपल्याला ज्ञान देत नाहीत, एक प्रश्न देऊन जातात. तो प्रश्न मग आपल्या तोंडून त्यांच्याच आवाजात बाहेर पडतो.

त्या हिवाळ्यातलं ते गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. खालचं शिवार काळं, केळीचं. वरची वस्ती उतारावर, जमीन हलकी, विहिरी उथळ, कापूस आणि हरभरा. गटापुढे प्रश्न होता, सगळ्यांनीच केळी लावायची का? लावायची ठरलं तर वरपर्यंत पाइपलाइन जाणार होती. नाही ठरलं तर केळी खाली आणि वर जुनीच पिकं.

पहिल्या भेटीला मी ताईंबरोबर गेले होते. वरच्या वस्तीत सुमनअक्का नावाच्या बाई राहतात. साठीच्या, उन्हाने रापलेल्या, डोळे मिश्कील. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि ताईंना सोडून मलाच विचारलं, “पोरी, तुन्हं ते कॉम्प्युटर काय म्हणस? केळी लावू का नको?”

मी ताईंकडे बघितलं. ताईंनी मुद्दाम कपात बघितलं.

“अजून… काम चालू आहे,” मी म्हणाले.

“मंग सांगजो,” अक्का म्हणाल्या. “पाच एकर शे मनं. कपाशी उपटी टाकसू. सून म्हणस, बठ्ठा गाव लावस, आपणबी लावू. मी म्हटलं, पहिले त्या ऑफिसवाल्यासले विचारू.”

मागे त्यांची विहीर होती. मी वाकून बघितलं. तळाशी पाण्याचा एक आरसा, त्यात माझं डोकं आणि वर हिवाळ्याचं फिकं आकाश.

कांद्याची केळी झाली, निकाल पुन्हा आले. वाडीवाडीचे आकडे वेगळे करून पानावर उतरवायचं काम भिकनभाऊंकडे असे. भाऊ धुळ्याकडच्या शेतकरी घरातले. गावोगाव फिरून माहिती आणणारे तेच, आणि निकाल गावात नेऊन वाचणारेही तेच. ऑफिसातला कोणीही बोलला तर लोक ऐकतात, भाऊ बोलले तर लोक बसतात. ते दोन बोटांनी टाइप करत आणि प्रत्येक आकडा पुटपुटत.

पान तयार झालं. ‘सगळीकडे केळी’ या वाटेची सरासरी सरस दिसत होती. विशेष म्हणजे वरच्या वस्तीची सरासरी खालच्या शिवाराच्या अगदी जवळ होती. सर खूश झाले. मी मनात अक्कांची केळी उभी केली. हिरवी, उंच, ओट्यावर सावली पाडणारी.

ताई मात्र त्या पानासमोरून उठेनात. चष्मा नाकावर, बोट कधी बेरजेवर, कधी सरासरीवर.

“वरच्या वस्तीची बेरीज खालच्या शिवाराच्या निम्म्याहून जरा जास्त,” त्या स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. “आणि सरासरी जवळपास सारखी. दोघींतली एक खोटं बोलते आहे.”

त्यांनी बेरजेला बाराने भागलं. आलेला आकडा सरासरीशी जुळेना. मग त्यांनी वरच्या वस्तीच्या ओळीवरून डोळे फिरवले आणि थांबल्या. सातव्या वर्षाची चौकट रिकामी होती. नववं, दहावं, अकरावं, बारावं. तीही रिकामी.

“भाऊ, ही घरं रिकामी कशी?”

“पाणी आटेल सालं ती, तठे शून्य व्हतं,” भाऊ सहज म्हणाले. “मी काढी टाकलं.”

“का?”

भाऊंनी खुर्ची वळवली. “ताई, खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला आम्ही ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतो. शेवटचं माप भरलं तरी ‘संपलं’ म्हणत नाही. आणि तुम्ही म्हणता, अक्काच्या शेतापुढे शून्य मांडू? अजून तिनं लागवड नाही केली, अजून बाग नाही उभी राहिली, आणि मी आधीच शून्य? ते माझ्या हातून नाही व्हायचं. रिकामं ठेवलं. रिकाम्या घरात काहीबी येऊ शकतं.”

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यांच्या आवाजात खोटेपणाचा कण नव्हता. माझ्या आयुष्यात मी आकड्याशी इतक्या मायेने वागलेला माणूस पाहिला नव्हता.

ताईही हसल्या नाहीत. त्यांनी भाऊंना शेजारी बसवलं. “भाऊ, खळ्यावर तुमचं खरं. पण हे यंत्र रिकाम्या घराला वर्ष म्हणून मोजतच नाही. सरासरी काढताना ते बारा वर्षांऐवजी भरलेल्या सातच वर्षांनी भागतं. शून्य लिहिलं तर मोजतं. बघा.” त्यांनी मला खूण केली. मी सातव्या चौकटीत शून्य घातलं. खाली सरासरी एक पायरी उतरली. मग नववं. पुन्हा एक पायरी. बाराव्यापर्यंत येता येता वरच्या वस्तीची केळी माझ्या मनातल्या ओट्यावरून पार नाहीशी झाली. ‘सगळीकडे केळी’ ही वाट दुसऱ्या वाटेच्या खाली गेली.

खिडकीबाहेर कोणी तरी दुचाकीला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

“म्हणजे मी अक्काची पाच सालं खाल्ली,” भाऊ म्हणाले.

“खाल्ली नाहीत, झाकली. आपण झाकण काढलं.”

भाऊ त्या दिवशी डबा न उघडता घरी गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, गावात मी येत नाही, तुम्हीच वाचा. ताईंनी ऐकलं नाही. “वाचणार तुम्हीच. तुमच्या तोंडूनच त्यांना खरं वाटतं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, हा माझा शब्द.”

सरांना एकच आकडा हवा होता. ते वाईट माणूस नाहीत. गावाला बारा आकड्यांत अडकवलं तर सभा चहावरच संपते, हा त्यांचा अनुभव. ताई त्यांना म्हणाल्या, “सरासरी देऊ ना, सर. पण ती बारा वर्षांच्या खाली देऊ, त्यांच्याऐवजी नको.” सरांनी थोडा वेळ पेन फिरवलं आणि सही केली. भांडण न करता जागा कशी सोडायची नाही, हे मी त्या दिवशी बघितलं. घरी जाताना मी ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. मोठ्याने म्हणायची माझी तयारी नव्हती.

सभा शेतातच ठेवली होती, भरताच्या निमित्ताने. आमच्याकडे हिवाळ्यात माणसं जमवायची तर दुसरं निमित्त लागत नाही. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी वांगी, साल काळी पडून फुटली की येणारा तो वास. बायका वांगी ठेचत होत्या, मिरची आणि लसूण नाकात जात होता. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या एकावर एक रचलेल्या. पलीकडे केळीचं रान, पानांवर थंडीने पिवळट कडा आलेल्या. गटाचे अध्यक्ष नाना टोपी सरळ करून म्हणाले, “आधी काम, मंग भरीत. नाहीतर भरलेल्या पोटी बठ्ठे हात वर करतील.” लोक हसले. “नाना, उपाशी पोटी तर दोन्ही हात वर करू,” मागून कोणी तरी म्हणालं.

चादर दोरीवर टांगून पडदा केला होता, पण उन्हात त्यावर काही दिसेना. म्हणून भाऊ कागदावरून वाचू लागले. ताई त्यांच्या शेजारी सतरंजीवर, मी ताईंच्या मागे. पुढच्या रांगेत सुमनअक्का. त्यांनी हात मांडीवर उलटा ठेवला होता आणि अंगठा पहिल्या बोटाच्या पेरावर. चार बोटांची बारा पेरं. एकेक साल आलं की अंगठा एक पेर पुढे.

खालचं शिवार वाचून झालं. भाऊंचा आवाज खणखणीत होता. मग त्यांनी पान उलटलं. “आते वरली वस्ती. ‘बठ्ठीकडे केळी’ करी तर.” पहिलं साल, दुसरं साल. अक्कांचा अंगठा चालत होता. चौथं. पाचवं. सहाव्या सालाला आकडा चांगलाच होता. सूनबाई मागे ओठ दाबून हसली.

भाऊंनी श्वास घेतला. कागद जरा वर धरला.

“आठवं साल,” ते म्हणाले, आणि आकडा वाचला.

कोणाच्याच लक्षात आलं नाही. आकडा ठीकच होता. अक्कांचा अंगठा सातव्या पेरावर गेला आणि तिथे आठवं साल बसलं. मी ताईंच्या मानेकडे बघितलं. ती ताठ झाली होती. त्यांचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले. शब्द दिलेला होता. त्या शेवटी काही बोलल्याही असत्या, मला माहीत नाही. पण नाना आधीच मागे वळून हातांचा अंदाज घेत होते, आणि भाऊंच्या कागदावर पुढे अजून चार शून्यं होती, एकापाठोपाठ एक. ती गिळली तर आठव्या सालाशीच पान संपणार होतं, चांगल्या आकड्यावर.

भाऊंच्या कपाळावर घाम होता. थंडीतला घाम. ते खोटं बोलत नव्हते. त्यांची जीभ त्या शेतासमोर उभी राहिली होती आणि पुढे जात नव्हती. हे मला इतकं स्वच्छ दिसलं, कारण माझी जीभ आयुष्यभर तशीच कुठे ना कुठे उभी होती. जाळातली एक काडी फुटली. कधी उठले ते आठवत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, अक्काही, अंगठा तसाच पेरावर ठेवून. बाबांची गॅलरीतली भाषा तोंडात आली, अर्धीच आली, मोडकी आली.

“भाऊ,” मी म्हणाले, “सातवं साल राहिलं. तठे शून्य शे.”